‘९५ टक्के कमी घातक’ : एका आकड्याची तपासणी

“ई-सिगारेट साध्या सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असते,” असे एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात म्हटले, तर ते वाक्य त्याच्या मनचे नसते. ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या तेथील सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१५ सालच्या अहवालामुळे ते जगभर पसरले. विज्ञान शिकवणाऱ्यांनी या आकड्याकडे कसे पाहावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम त्यातील खरा भाग पाहू. साध्या सिगारेटमध्ये तंबाखू जळते. झुरका घेताना टोकाचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि धुरात हजारो रसायने तयार होतात. त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. ई-सिगारेटमध्ये ज्वलन नसते. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन यांचे मिश्रण बॅटरीवर तापणाऱ्या तारेने वाफाळते, आणि त्याचे सूक्ष्म थेंब छातीत ओढले जातात. ज्वलनच नाही, त्यामुळे डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. कट्टर धूम्रपान करणाऱ्याचे यात हित आहे, हे मान्य केले पाहिजे.

सिगारेट सोडायलाही तिची मदत होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका चाचणीत ८८६ धूम्रपान करणारे होते. वर्षअखेर ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के, तर निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगगम इत्यादी दिलेल्यांपैकी ९.९ टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती. मात्र पहिल्या गटातील या यशस्वी लोकांपैकी ८० टक्के जण तेव्हाही ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटात आपली साधने वापरत राहिलेले ९ टक्केच होते. म्हणजे पहिल्या गटातील यशस्वी लोकांपैकी बहुतेकांची सिगारेट सुटली, पण निकोटीन सुटले नाही.

मग ९५ हा आकडा आला कोठून? अहवालात इतर पुराव्यांचाही आढावा होता; पण आकड्याचा एक मुख्य आधार म्हणजे २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध. त्यासाठी १२ तज्ज्ञांनी एकत्र बसून निकोटीनच्या १२ उत्पादनांना १४ निकषांवर गुण दिले. त्यात साधी सिगारेट जवळजवळ १०० वर, तर ई-सिगारेट ४ वर आली. बहुतेक उत्पादनांबाबत बहुतेक निकषांवर ठोस पुरावा नाही, हे त्या लेखकांनीच नमूद केले होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१५ सालीच आपल्या संपादकीयात या पायावर टीका केली.

आमचा आक्षेप तज्ज्ञांच्या मतावर नाही. पुरावा अपुरा असताना निर्णय घ्यायचा, तर जाणकारांच्या मताचाच आधार घ्यावा लागतो. आक्षेप आहे तो मत हे मापन म्हणून सांगण्यावर. आजच्या स्वरूपाची ई-सिगारेट चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ साली तयार केली. धूम्रपानाने होणारा फुप्फुसाचा कर्करोग दिसायला अनेकदा दोन-तीन दशके लागतात. तेव्हा २०१५ साली असे दीर्घकालीन मापन कोणाकडे असणेच शक्य नव्हते.

विरोधकांचा युक्तिवादही याच कसोटीवर घासून पाहावा. २०१९ साली अमेरिकेत ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या तीव्र विकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. परंतु बहुतेक रुग्णांनी गांजातील मादक द्रव्य असलेली उत्पादने वापरली होती. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतून घेतलेल्या द्रवाच्या तपासणीत ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडले. हा पदार्थ त्या तेलकट मालात भेसळ म्हणून घातला जात होता. त्या साथीचे खापर सरसकट सर्व ई-सिगारेटवर फोडणे हेही अशास्त्रीयच.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ‘कशापेक्षा कमी?’ हा आहे. वीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी तुलना सिगारेटशी आहे. चौदा वर्षांच्या मुलासाठी ती स्वच्छ हवेशी आहे. त्याच्या बाबतीत धोका ९५ टक्क्यांनी कमी होत नाही, तो शून्यावरून सुरू होतो. शिवाय वाढत्या वयात निकोटीनचे व्यसन लवकर जडते. ई-सिगारेटकडे उदारपणे पाहणाऱ्या ब्रिटनलाही १ जून २०२५पासून एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींवर बंदी घालावी लागली. मुलांमधील वाढता वापर हे त्यामागचे एक कारण होते.

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विडी-सिगारेट मात्र दुकानात मिळते. ही विसंगती विद्यार्थ्यांनी दाखवली, तर ती मान्य करावी. त्याचबरोबर २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीचे आकडेही त्यांच्यापुढे ठेवावेत : १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. चुना-तंबाखू मळणाऱ्याला इंग्लंडमधला तो आकडा काहीच सांगत नाही.

म्हणून हे वाक्य वर्गात खोडून न काढता फळ्यावर लिहावे आणि त्याखाली तीन प्रश्न मांडावेत : कशाशी तुलना केली? मोजले कसे? कोणासाठी? उत्तरे शोधण्याचे काम मुलांकडे सोपवावे. जाहिरातीतला पुढचा आकडा समोर आला, की हेच प्रश्न त्यांच्या उपयोगी पडतील.