घर्षणाचीं उदाहरणें

पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकांतील उदाहरणांकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपल्याकडे चाल नाहीं. वास्तविक सुशिक्षित घरांतील मुलें अकरावीच्या वर्षीं कथा-कादंबऱ्यांपेक्षां या तीन-चार ओळींच्या गद्यांतच अधिक वेळ घालवितात. त्यांतील पात्रें ठरलेलीं: एक ठोकळा, एक दोरी, एक कप्पी, एक उतरण. दोरीस वजन नाहीं, कप्पीस जडत्व नाहीं, आणि ‘घर्षण नगण्य समजावें’ हें पालुपद. ज्या वाङ्मयास एवढे वाचक, त्याचें परीक्षण कोणीं तरी करावयास हवें, म्हणून आम्ही हें धाडस करीत आहों.

पालुपदाविषयीं आमची तक्रार नाहीं. गॅलिलिओनें उतरणीवरून गोळे सोडले आणि घर्षण मनांतल्या मनांत वजा केलें, म्हणूनच सरळ रेषेंत एकसारखें चालत राहण्यास बल लागत नाहीं हें त्यास दिसूं शकलें. दोष शिरतो तो पुढें, घर्षण ज्या प्रकरणांत येतें तेथें. तेथें तें एक सूत्र होऊन येतें: घर्षण म्हणजे घर्षणगुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया. वाक्य एवढें आटोपशीर कीं विद्यार्थी तें तत्काळ पाठ करतो, आणि त्याचें नुकसान तेथूनच सुरू होतें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं अकरावीतील एक मुलगी असेंच एक उदाहरण सोडवीत बसली होती. जमिनीवर १० किलोग्रॅमची पेटी आहे. स्थैतिक घर्षणगुणांक ०.४, २० न्यूटन बलानें ती आडवी ढकलली, तर त्वरण किती? मुलीनें पेटीचें वजन ९८ न्यूटन काढलें, त्यास ०.४ नें गुणून घर्षण ३९.२ आणलें, तें २० मधून वजा केलें व १० नें भागलें. उत्तर आलें उणें १.९२. म्हणजे पेटी ढकलावी तों ती उलट ढकलणाराच्या अंगावर धांवून येते! मुलगी अस्वस्थ झाली. दुसऱ्या दिवशीं तिनें वर्गांत शंका विचारली, तेव्हां किंमती नीट भरल्या आहेत ना, मग चिन्हाचा विचार करीत बसूं नये, असें तिला सांगण्यांत आलें. विज्ञान आपल्या डोक्याबाहेरचें आहे अशी तिची त्या दिवसापासून समजूत झाली. आमच्या मतें त्या संबंध वहींत पदार्थविज्ञान जर कोठें असेल, तर तें तिच्या त्या अस्वस्थतेंत होतें.

कारण ३९.२ हें घर्षण नव्हे. घर्षणाची ती कमाल मर्यादा आहे. २० न्यूटननें ढकलल्यास जमीन २० न्यूटननेंच अडविते, ३० नें ढकलल्यास ३० नें. पेटी जागची हलत नाहीं, त्वरण शून्य. मर्यादा ओलांडली म्हणजे पेटी सरकते, आणि मग गतिक घर्षणाचा वेगळा, बहुधा लहान, गुणांक लागू होतो. हा भेद कांहीं आजचा नव्हे. आमाँताँनें १६९९ सालीं घर्षण भाराच्या प्रमाणांत असतें असें मांडलें. पुढें ऑयलरनें स्थैतिक व गतिक घर्षण वेगळीं केलीं. आणि कूलाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्यानें या विषयावरील आपल्या प्रयोगांसाठीं १७८१ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीचें पारितोषिक मिळविलें. एवढ्या मोठ्या माणसांच्या श्रमांचें फळ एका गुणाकारांत कोंबावें, याचें आम्हांस वाईट वाटतें.

चांगलें उदाहरण कसें असावें, असें कोणी विचारील. तीच पेटी घ्या. ५० न्यूटन बलानें ती आडव्या रेषेशीं ३० अंशांचा कोन करून ढकलावयाची आहे. एकदां वरून खालीं रेटा देऊन, एकदां दोरीनें वर ओढून. दोहोंतही आडवा भाग ४३.३ न्यूटनच. परंतु खालीं रेटतांना लंब प्रतिक्रिया १२३ होते व घर्षणाची मर्यादा ४९.२, पेटी ढिम्म. वर ओढतांना प्रतिक्रिया ७३, मर्यादा २९.२, पेटी निघाली. लंब प्रतिक्रिया म्हणजे वजन, असें घोकलेला विद्यार्थी येथें हटकून फसतो. बाजारांतला हमाल मात्र फसत नाहीं; जड पोतें ओढावें, वरून रेटूं नये, हें त्याच्या खांद्यास ठाऊक असतें. या उदाहरणांत आकृति काढल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि आकृतींतील प्रत्येक बाणास ‘तुला कोण लावतो?’ असें विचारावें लागतें. ज्या बाणाचा धनी सांपडत नाहीं तो खोडावा. आमच्या पाहण्यांतील बहुतेक चुका या एका प्रश्नानें नाहींशा होतात.

हें दुखणें आपल्याच शाळांचें आहे असें मात्र कोणी समजूं नये. हेस्टेनिस व त्याच्या सहकाऱ्यांनीं आकडेमोड मुळींच नसलेली बलविषयक प्रश्नमालिका प्रसिद्ध केली. हार्वर्डचा अध्यापक एरिक माझूर यानें ती आपल्या विद्यार्थ्यांस दिली, तेव्हां अवघड गणितें सोडविणारीं मुलें साध्या प्रश्नांवर अडखळलेलीं पाहून त्यास आपली शिकविण्याची रीतच बदलावी लागली.

त्या मुलीस आम्हीं उदाहरण सोडून दिलें नाहीं, एक फळी दिली. फळीवर पुस्तक ठेवून एक टोंक हळूहळू उचलावें, आणि पुस्तक सरकूं लागतांच कोन मोजावा. त्या कोनाची स्पर्शज्या हाच स्थैतिक घर्षणगुणांक. गुणांक ०.४ असता, तर कोन सुमारें २२ अंश भरला असता; तिच्या फळीवर तो २७ भरला. मग तिनें आपण होऊन पुस्तकावर तसलेंच दुसरें पुस्तक ठेवलें. भार दुप्पट झाला, कोन मात्र जवळजवळ तोच. असें कां, म्हणून तिनें आमच्याकडे पाहिलें; आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. वस्तुमान दोन्ही बाजूंनीं छेदलें जातें, हें तिचें तिलाच सांपडलें. त्याला अर्धा तास लागला.