उंबरठ्याची उंची : महानगराचे खाणे आणि बाजार

मुंबईचे खाणे आणि मुंबईची खरेदी यांच्या थोरवीवर पनवेलमध्ये वाद रंगला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खरे खावे नि घ्यावे ते मुंबईतच. दुसरा म्हणतो, तेच ब्रँड आता पनवेलच्या मॉलमध्ये आहेत, मग दीड तास लोकलमध्ये का लोंबकळायचे? माप मात्र दोघांचे एकच: काय काय मिळते. ते कोणाला मिळते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या मते शहराच्या खाण्याचा आणि बाजाराचा दर्जा ठरवायचा तर आधी त्याच्या दुकानांच्या उंबरठ्याची उंची मोजावी लागेल.

मुंबईचे नाव खाण्यासाठी झाले ते काही चोखंदळ खवय्यांच्या बळावर नव्हे. गिरणगावच्या खानावळी उभ्या राहिल्या त्या बायकामुले गावी ठेवून आलेल्या कामगारांसाठी. त्या चालवणाऱ्या बायका राहत्या खोलीतच रांधत, महिन्याच्या हिशेबाने जेवू घालत आणि किराण्यासाठी सावकाराचे व्याज भरत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते या बायकांची सावकारातून सुटका व्हावी म्हणूनच. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२मध्ये सुरू केलेल्या उडुपी खानावळीच्या नावातच ‘बोर्डिंग’ आहे. धोबीतलावचे कयानी १९०४चे. इराण्याकडे एका चहावर तासभर बसता येई आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, हे विचारायचे कारण नसे. ‘ब्राह्मणांचे’ अशा पाट्या मिरवणाऱ्या उपाहारगृहांच्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. उंबरठा केवळ दरपत्रकाचा नसतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या, खानावळींचे गिऱ्हाईक पांगले आणि लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला. १९९९मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा सुरुवातीला दारात मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे लागे. ते नसेल त्याला प्रवेशासाठी पैसे मोजावे लागत. ती पद्धत टिकली नाही. तरीही सुरक्षारक्षकाच्या नजरेत ती अजून पुरती मेलेली नाही. मिळणाऱ्या पदार्थांची यादी लांबत गेली, हे खरे. पण ज्या जागेवर कामगार जेवत होता, तेथे आता त्याच्या नातवाला दाराशी गणवेशात उभे राहण्याचे काम आहे. याला दर्जा वाढला म्हणायचे का?

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. खानावळीच्या पंगतीत बाई वाढायला असे, जेवायला नसे. मॉलमध्ये ती एकटी बसू शकते, तिला स्वच्छतागृह मिळते, कोणी हटकत नाही. जुन्या बाजारपेठांनी ही सोय क्वचितच केली. म्हणून इराणी आणि खानावळ यांच्या आठवणीने उसासे टाकणे म्हणजे टीका नव्हे.

हा मुद्दा आज पनवेलला लागू आहे. १८५२ची नगरपालिका असलेले हे गाव २०१६मध्ये महानगरपालिका झाले. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. आता येथे मुंबईसारखी हॉटेले, मुंबईसारखी दुकाने येणार, या कल्पनेने आपण सुखावलो आहोत. पण पनवेलच्या बाजाराचे स्वत्व निराळे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ठाकूर आणि कातकरी बायका डोंगरातून शेवळे आणतात, मागोमाग कंटोळी, भारंगी येते. आगरी-कोळी बायका सुकट, बोंबील घेऊन बसतात. हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागते. हा माल मॉलच्या मांडणीत बसत नाही. त्याला लागते ती जमिनीवरची चार हात जागा आणि ती उठवणार नाही अशी हमी.

२०१४च्या पथविक्रेता कायद्यात विक्रेत्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद आहे. नव्या वसाहतींच्या नकाशांत पार्किंग रेखाटताना ही जागाही रेखाटता येते. विमानतळावर सामान उचलणारा माणूस दुपारी कुठे आणि कितीत जेवतो, शेवळेवाली कुठे बसते आणि तिला स्वच्छतागृह कुठे मिळते, एवढे तपासले तरी पनवेलचा दर्जा कळेल. मुंबईशी बरोबरी करायचीच असेल, तर ती इथे करावी.