क्रिप्टिक शब्दकोडे, चॅटबॉट आणि परीक्षणाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रास्ताविक

क्रिप्टिक शब्दकोडे हा इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी जोपासलेला भाषिक क्रीडाप्रकार होय. एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी ‘टॉर्क्वेमादा’ या टोपणनावाने १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये अशी कोडी रचली. त्यांच्यानंतर १९३९ मध्ये ‘झिमेनीझ’ म्हणजेच डी. एस. मॅकनट आले आणि १९६६ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी शोधसूत्राच्या न्याय्यतेचे नियम मांडले. वाचकांनी रचलेल्या शोधसूत्रांचे गुणानुक्रमे परीक्षण करण्याची परंपराही याच वृत्तपत्रात दृढ झाली. त्यामुळे कोडे सोडवणे आणि शोधसूत्राचे मूल्य ठरवणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत, हे तेथे प्रथमपासून गृहीत होते. चॅटबॉटच्या आकलनक्षमतेचा विचार करताना मात्र हा भेद बहुधा नजरेआड होतो.

शोधसूत्राची रचना

अशा शोधसूत्रात उत्तराचा अर्थ आणि शब्दाच्या घडणीची सूचना, असे दोन भाग असतात. वरवरचे वाक्य वाचकाला भलतीकडे नेते. सूचना मात्र तंतोतंत खरी असावी लागते. उदाहरणार्थ, ‘अंधुक मळवाटेत दडलेले फूल (तीन अक्षरे)’. येथे ‘फूल’ हा अर्थ असून ‘अंधुक मळवाटेत’ या शब्दांतच ‘कमळ’ दडले आहे. ‘दडलेले’ऐवजी ‘कोमेजलेले’ योजल्यास वाक्य अधिक भावपूर्ण होईल. परंतु अक्षरे सलग लपली आहेत ही सूचनाच नाहीशी होईल. पहिले शोधसूत्र न्याय्य, तर दुसरे सदोष. संस्कृत काव्यशास्त्रात दंडीने प्रहेलिकांमध्ये निर्दोष आणि दुष्ट असा भेद केला, त्यामागेही अशीच दृष्टी दिसते.

यंत्राचे आकलन

२०२१ मध्ये संशोधकांनी ‘क्रिप्टोनाइट’ हा सुमारे ५ लाख २३ हजार इंग्रजी शोधसूत्रांचा संग्रह सिद्ध केला. त्यावर प्रशिक्षित केलेल्या ‘टी-फाइव्ह’ या भाषा-प्रारूपाची अचूकता ७.६ टक्के, तर जुन्या पद्धतीच्या नियमाधारित प्रणालीची ८.६ टक्के आढळली. या प्रारूपांना मजकूर सुट्या अक्षरांत नव्हे, तर शब्दखंडांत मिळतो. अक्षरांच्या खेळात ती अडखळतात, याचे हे एक कारण होय. त्यानंतरच्या प्रारूपांनी बरीच प्रगती केली असून, पायरीपायरीने तर्क मांडणारी प्रारूपे अनेक शोधसूत्रे सोडवतात. तथापि, उत्तर बरोबर येणे म्हणजे शोधसूत्र समजणे नव्हे. केवळ अर्थावरून वा अक्षरसंख्येवरूनही उत्तर साधू शकते.

परीक्षणाची अडचण

परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. येथेच चॅटबॉटची खरी कसोटी लागते. ‘कमळ’ हे उत्तर सांगून वरील दोन्ही शोधसूत्रे पुढे ठेवल्यास, दोहोंसाठी ओघवते समर्थन रचणे त्याला अवघड नाही. वापरकर्त्याने आक्षेप घेताच योग्य मतही सोडून देण्याची, त्याच्या मताकडे झुकण्याची प्रवृत्ती अशा प्रारूपांत आढळते, हे २०२३ मधील संशोधनाने दाखवले आहे. परंतु कोणत्याही विधानाचे समर्थन करता येणे ही परीक्षणशक्ती नव्हे. ‘हे सूत्र सुंदर आहे, पण न्याय्य नाही’ असे म्हणून त्यावर ठाम राहता येणे, हे परीक्षकाचे लक्षण होय.

न्याय्यतेची तपासणी बऱ्याच अंशी यांत्रिक असल्याने ती यंत्राकडे सोपवता येईल. सौंदर्याचा निर्णय तसा नाही. धुक्यातील पायवाट क्षणभर डोळ्यांसमोर उभी राहावी आणि मग अक्षरांतून कमळ उमलावे, या फसगतीतच शोधसूत्राचा आनंद आहे. जो फसलाच नाही, त्याला ती फसवणूक किती कुशल होती हे कशावरून कळावे?

निष्कर्ष

चॅटबॉट शोधसूत्राचा उलगडा करू शकतो आणि त्यातील दोषही दाखवू शकतो. परंतु त्याच्या गुणनिर्णयावर विसंबणे आज उचित नाही. हा प्रश्न शब्दकोड्यापुरता मर्यादित नाही. उत्तरपत्रिका आणि निबंध यांचे मूल्यमापन यंत्राकडे सोपवण्याचा विचार करणाऱ्या प्राध्यापकवर्गाने, त्याने दिलेली कारणे किती सुबक आहेत यापेक्षा, चुकीच्या उत्तरालाही ते तितकीच सुबक कारणे देते काय, हे आधी तपासणे अगत्याचे आहे.