रेषा आहे, पण रस्ता आहे का? रेंज नसलेल्या भागाचा नकाशा आणि आपली फूटपट्टी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रत्येकाला एक ‘आदर्श पेपर’ सापडतो. माझा होता मॉर्डेकाय हॅकले यांचा, २०१० सालचा. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे २००४ पासून स्वयंसेवकांनी उभा केलेला, कुणालाही दुरुस्त करता येणारा नकाशा. हौशी लोकांनी काढलेल्या या नकाशावर भरवसा ठेवायचा का, हा हॅकले यांचा प्रश्न. त्यांनी इंग्लंडचे एकेक किलोमीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनातल्या रस्त्यांची लांबी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशाशी ताडून पाहिली. निष्कर्ष असे: जागा सरासरी सहा मीटरच्या आसपास बरोबर, चार वर्षांत इंग्लंडचा सुमारे २९ टक्के भाग झालेला, आणि गरीब भागांकडे स्वयंसेवक कमी फिरकलेले.

पेपर आजही वाचावा असाच आहे. पण तीच फूटपट्टी मी येरमाळ्याच्या परिसराला लावायला गेले आणि फसले. कशी, ते सांगते.

येरमाळा कळंब तालुक्यात, बालाघाटच्या रांगांमध्ये, सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. गावात फोन चालतो. पण महामार्ग सोडून डोंगराच्या आडच्या वाड्या-वस्त्यांकडे वळलं की रेंजच्या काड्या एकेक करून गळायला लागतात. मी आधी घरी बसून उपग्रहचित्रावरून रेषा ओढल्या. लांबीच्या हिशेबात माझे चौकोन झकास भरले. मग प्रत्यक्ष फिरायला गेले, तर त्यातली एक रेषा रस्ता नव्हतीच. ते ओढ्याचं कोरडं पात्र होतं. बांधावरचे एक आजोबा म्हणाले, “पावसाळ्यात हितनं कोण जातंय बाई?” उद्या १०८ची गाडी नकाशा बघून त्या रेषेवर उतरली असती तर? रेषा खोडली, पण धसका राहिला.

म्हणजे पहिला आक्षेप हा: रस्त्याची लांबी हे माप तेव्हाच बोलतं, जेव्हा रेष ओढणारा माणूस तिथं गेलेला असतो. सुरुवातीच्या इंग्लंडमध्ये बरेच लोक जीपीएस घेऊन रस्त्यावर फिरत होते. आज उपग्रहचित्रावरून कुठलाही डोंगर खुर्चीत बसून ‘भरता’ येतो. चौकोन भरलेला दिसतो, माहिती मात्र पोकळ असते. हॅकले यांनाही तपशील अपुरे असलेल्या नुसत्या रेषा सापडल्या होत्या आणि त्यांनी त्या वेगळ्या मोजल्या. त्यांचा पेपर उद्धृत करणारे आपण नेमकी तीच पायरी गाळतो.

दुसरा आक्षेप नावांचा. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक ‘चुन्याच्या रानात’ चुनखडीचे खडे वेचतात. उपग्रहाला ते एक साधं रान दिसतं. लाखो लोकांना मात्र ती जागा नावानं ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातली कितीतरी गावं दुसरीकडे वसवली गेली. वरून दोन ठिकाणं दिसतात. त्यातलं जुनं कुठलं, नवं कुठलं आणि आज नुसतं गावाचं नाव घेतलं की लोकांच्या मनात कुठलं येतं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मायकेल गुडचाइल्ड यांनी २००७ मध्ये नागरिकांना ‘संवेदक’ म्हटलं. शब्द मोठा गाजला, पण मला तो अपुरा वाटतो. संवेदक नोंद घेतो. माणूस विचारतो, ऐकतो, कधी चुकीचंही ऐकतो.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे, पण तुमच्या प्रबंधाला तोच बुडवू शकतो. रेंज नाही म्हणजे नकाशा काढता येत नाही, हा गैरसमज आहे. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. आकाश मोकळं असलं की फोन जागा नोंदवतो. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडमध्ये नकाशा आधी उतरवून घ्यायचा, वाटेची नोंद ठेवायची, नावं वहीत लिहायची आणि परत आल्यावर जोसममध्ये बसून भरायचं. अडचण पुढं आहे. बदलसंचावर वेळ पडते ती सर्व्हरशी जोडणी झाल्याची, तुम्ही वाडीवर उभे होता तेव्हाची नाही. तेवढ्यात दुसऱ्या कुणी तोच रस्ता बदलला असेल, तर आवृत्ती जुळत नाही म्हणून सर्व्हर तुमचा बदल नाकारतो. मग एकेक संघर्ष हातानं सोडवावा लागतो.

आता विचार करा. पायी फिरून आलेली मुलगी रात्री तालुक्याच्या गावी बसून सगळं एकदम चढवते. तुमच्या तक्त्यात ती कशी दिसेल? खुर्चीतल्या स्वयंसेवकासारखीच. नुसत्या वेळेच्या शिक्क्यावरून ‘स्थानिक’ आणि ‘बाहेरचा’ ठरवणारा अभ्यास रेंज नसलेल्या भागातल्या कष्टाळू माणसालाच बाहेरचा ठरवेल. मीही पहिल्या मसुद्यात हेच केलं होतं, आणि ज्याला बाहेरचा ठरवलं त्यात मी स्वतः होते!

मग करायचं काय? हॅकले टाकून द्यायचे नाहीत. तीन रकाने वाढवायचे. माहितीचा स्रोत काय: चित्र, वाट की विचारपूस? पाहिल्याची तारीख कोणती? आणि रस्ता पावसाळ्यात चालतो का? हे रकाने भरायला वेळ लागतो, चौकोन कमी होतात, मार्गदर्शक विचारतात, “नमुना एवढाच?” विचारू द्या. दोनशे पोकळ चौकोनांपेक्षा वीस पाहिलेले चौकोन तुम्हाला तोंडी परीक्षेत तारतील.

आणि एक. वस्तीवर गेलात तर आधी विचारा, तुमच्या घराकडची वाट नकाशावर टाकू का? काही जण नको म्हणतात. तेव्हा तिथली जागा कोरी ठेवा, आणि ती का कोरी आहे हे आपल्या वहीत लिहून ठेवा. ‘माहिती नाही’ आणि ‘तिथं काही नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नकाशा हा फरक दाखवत नाही, तो आपल्याला लिहावा लागतो.