स्मरणकला आणि ज्ञानेंद्रिये

मध्ययुगीन युरोपातील स्मरणकलेचा विषय निघाला की फ्रान्सेस येट्स या विदुषींच्या ‘द आर्ट ऑफ मेमरी’ (१९६६) या ग्रंथाचे नाव प्रथम घ्यावे लागते. मनात एक वास्तू कल्पावी, तिच्या दालनांत स्मरणीय गोष्टींची चित्रे क्रमाने मांडावी आणि प्रसंगी त्या वास्तूतून फिरून यावे, ही रोमन वक्त्यांची युक्ती पुढे ख्रिस्ती पंडितांच्या हाती कशी पालटली, हे त्यांनी मोठ्या व्यासंगाने दाखविले आहे. परंतु ग्रंथ मिटल्यावर ही कला म्हणजे केवळ डोळ्याचा व्यापार, अशी जी समजूत उरते, ती आम्हांस मान्य करवत नाही.

दृष्टीचे श्रेष्ठत्व सिसरोपासून चालत आले, हे खरे. सेंट थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनीही सांगितले की, सूक्ष्म विचार मूर्त प्रतिमेस बांधल्यावाचून मनातून निसटतात, कारण इंद्रियगोचर वस्तूंवरच मानवी बुद्धीची पकड अधिक. ज्या धर्माने इंद्रियांना मोहाची दारे मानले, त्याच्याच अग्रगण्य पंडिताने स्मृती इंद्रियांच्या हवाली करावी, हे विलक्षणच! पण ही इंद्रिये म्हणजे एकटा डोळा नव्हे. पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातील ह्यू (मृत्यू ११४१) विद्यार्थ्यांस बजावतो की, पाठांतर नेहमी एकाच प्रतीवरून करावे. अक्षरांचा रंग व पानावरील जागा ध्यानी धरावी. इतकेच नव्हे, तर ऐकते वेळी दिवस होता की रात्र, आकाश निरभ्र होते की अभ्राच्छादित, तेही आठवावे. (आमच्या विद्यार्थ्यांनी निदान प्रत तरी विकत घ्यावी!) मठवासी तर ग्रंथ पुटपुटत वाचीत आणि त्या क्रियेस गाईच्या रवंथाची उपमा देत. तेथे स्मृती जिभेवर वसत होती.

हे अंग मेरी कॅरदर्स यांनी ‘द बुक ऑफ मेमरी’ (१९९०) मध्ये यथायोग्य पुढे आणले, आणि या बाबतीत आमचा कौल त्यांच्याकडे आहे. मात्र त्यांच्या विवेचनात इंद्रिये फारच आज्ञाधारक भासतात. त्यांनीच परिशिष्टात अनुवादिलेला टॉमस ब्रॅडवर्डीन (मृत्यू १३४९) पाहावा. राशींचा क्रम ध्यानात राहावा म्हणून हा धर्मपंडित शुभ्र मेंढ्याकडून तांबड्या बैलास लाथ मारवितो आणि रक्ताचे पाट वाहवितो. अतिसुंदर, अतिकुरूप, अतिक्रूर तेच मनात ठसते, हा त्याचा दंडक. असली चित्रे राशींचा क्रम सांगून निमूटपणे निघून जात असतील काय? थॉमसच्या स्मृतीला विवेकाच्या पदरी जागा होती. ब्रॅडवर्डीनच्या या बैलाला ती कोठे द्यावयाची, हे कॅरदर्सबाईंनी सांगावयास हवे होते.