गज कुठे वळतो

आमच्या शेजारची मुलगी सध्या चारच गोष्टी वाजवते. यमन, विवाल्दीच्या ए मायनर कन्चेर्तोचा पहिला भाग, गीतरामायणातलं पहिलं गीत, आणि अजून चारचौघांत न काढलेला भीमपलास. डहाणू रोडला त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये चिकूची चार झाडं आहेत, भिंत नाही. तिचा रियाज दोन वर्षं माझ्या कानावर पडतो आहे, आणि हल्ली ऐकताना माझं सगळं लक्ष एकाच जागी असतं: गज कुठे वळतो.

गजाला ताणलेले केस साधारण 65 सेंटीमीटर लांब असतात. व्हायोलिनचा श्वास तेवढाच. टोक आलं की हात वळवावा लागतो आणि त्या क्षणी नाद उघडा पडतो. पावसाळ्यात तर आमच्या खाऱ्या, ओल्या हवेने केस सैल पडतात. ती जुलैत गजाचा स्क्रू नेहमीपेक्षा जास्त पिळते आणि वाजवून झालं की न विसरता सैल करून ठेवते.

विवाल्दीसाठी ती उभी राहते, व्हायोलिन हनुवटीखाली. हे वाद्य वेगळं, जी-डी-ए-ई असं जुळवलेलं. सा-प-सा-प जुळवलेलं दुसरं कोपऱ्यात असतं. 1711 साली अ‍ॅमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या ‘लेस्त्रो आर्मोनिको’ या बारा कन्चेर्तोंच्या संग्रहातला हा सहावा. व्हेनिसच्या पिएता अनाथाश्रमात विवाल्दी मुलींना व्हायोलिन शिकवत असे, आणि तिच्या वयाच्या कितीतरी मुलींनी त्याच्यासमोर असाच घाम गाळला असेल, हे मला ऐकताना नेहमी आठवतं. इथे गजाचं वळणं लपवायचं नसतंच. सुरुवातीलाच एक स्वर पुन्हा पुन्हा, सुटा सुटा येतो, आणि प्रत्येक वळण म्हणजे लयीतला एक ठोका. ती हे स्वच्छ वाजवते. पण पुढे जलद स्वरांच्या साखळ्या येतात तिथे तिची लय किंचित पळते, आणि मग ठोके चालण्याऐवजी धावू लागतात.

यमनला ती मांडी घालून बसते, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकतं. इथे सगळा हिशेब उलटा. विलंबित एकतालात एक आवर्तन संपता संपत नाही, आणि गज मात्र तोच, 65 सेंटीमीटरचा. मंद्र निषादावरून ती निघते, षड्ज ओलांडून रिषभाला टेकते आणि गंधारावर येऊन थांबते. यमन उमलतो तो या गंधारावर. तिथे ती नेमकी गजाच्या टोकाला पोचलेली असते.

मागच्या उन्हाळ्यात या जागी उचकी लागल्यासारखा आवाज यायचा. मग तिने एक युक्ती काढली: गंधार सोडून रिषभाकडे घसरताना गज वळवायचा. ऐकणाऱ्याचा कान बोटामागे जातो, हाताकडे लक्ष राहत नाही. युक्ती चांगली, पण माझं समाधान होईना, कारण तिला गंधार लवकर सोडावा लागायचा. राग गंधारावर राहायला सांगतो आणि हात निघायला सांगतो. एकदा झाडांपलीकडून तिनेच विचारलं, “काका, तुटलं ना?”

“तुटलं नाही. पण तू घाईने उठलीस.”

ती काही बोलली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी साडेपाचला नुसता खर्ज ऐकू येई. मंद्र सा, एक गज वर, एक गज खाली, पंधरा पंधरा मिनिटं. ऐकायला कंटाळवाणं, पण मी खिडकी लावली नाही.

व्हायोलिनला गळा द्यायचा हा ध्यास आपल्याकडे जुना आहे. गजाननराव जोशी स्वतः ख्याल गाणारे. वाद्य हातात घेतलं तरी गाणंच वाजवायचे. एन. राजम यांना तालीम ओंकारनाथ ठाकुरांची. डी. के. दातारांचा लांब, मऊ गज ज्यांनी ऐकला त्यांना गायकी अंग म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ती मुलगी शनिवारी पहाटेच्या लोकलने दोन्ही वाद्यं घेऊन मुंबईला शिकायला जाते (2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली हे तिचं भाग्य), आणि परतीच्या गाडीत दातारांचं ध्वनिमुद्रण कानाला लावून बसते.

गीतरामायण ती सोपं समजते. मला ते तिचं सगळ्यात उत्तम वाटतं. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं, तेव्हापासून ते गदिमांच्या शब्दांसकट आणि बाबूजींच्या गळ्यासकट मराठी माणसाच्या कानात बसलेलं आहे. म्हणजे वाद्यावर शब्द नसले तरी ऐकणारा ते मनात म्हणत असतो, आणि गज भलत्या ठिकाणी वळला तर शब्द मधोमध तुटतो. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनला ‘गाणारं’ म्हणत ते उगीच नव्हे. हिच्या आजीने आधी सगळी कडवी पाठ करायला लावली, मगच वाद्याला हात लावू दिला. त्याचं फळ आता दिसतं. जोडाक्षर आलं की ती गजावर किंचित वजन टाकते, लांब अक्षराला हलकं सोडते, आणि जिथे बाबूजी श्वास घेत तिथेच वळते. भूपाचे पाचच स्वर, पण ओळ संपल्यावरची ती छोटीशी शांतता ऐकताना वाटतं की दोन मुलं खरोखरच राजासमोर उभी राहून गाताहेत.

कोजागरीला त्यांच्या अंगणात पंचवीसेक माणसं जमली. दूध आटत होतं. लांबच्या पाड्यावरून तारप्याचा आवाज येत होता. भाताची कापणी झाली की तो रात्र रात्र चालतो. तारपकरी फुंक मोडत नाही, गालात हवा धरून नाकाने श्वास घेतो आणि सूर अखंड राहतो. ही मुलगी लहानपणापासून तो न तुटणारा सूर ऐकत आली आहे. तिच्या गुरूंनी तिला त्याबद्दल कधी काही सांगितलं असेल असं वाटत नाही, पण तिच्या कानाला अखंड सुराची भूक कुठून लागली असेल याचा विचार करताना मी तारपा बाजूला ठेवू शकत नाही.

यमन सुरू झाला. निषाद, रिषभ, गंधार. मी तिच्या उजव्या मनगटाकडे पाहत होतो. टोक जवळ आलं, गज मंदावला, वजन जवळजवळ उरलंच नाही, मनगट आधी वळलं आणि हात मागाहून गेला. गंधार तसाच होता. डोळे मिटून बसलेल्या आजीची मान हलली, तीसुद्धा वळणाच्या नंतर, स्वरासाठी.

भीमपलास मात्र अजून हातात आलेला नाही. कोमल गंधार मध्यमाचा कण अंगावर घेऊन यावा लागतो. ती नुसत्याच गंधारावर बोट ठेवते आणि स्वर कोरडा पडतो. काल दुपारी तिने मंद्र निषादापासून मध्यमापर्यंतची एकच मींड इतक्या वेळा घेतली की मी मोजणं सोडून दिलं. साधारण चारच्या सुमाराला एकदा, एकदाच, मध्यम खाली वाकून गंधारात उतरला. तिलाही ते कळलं असावं, कारण तिने गज तारेवरून उचलला नाही.