दापुरीचा पूल : एका छायाचित्राखालील मजकुराची परीक्षा

पोथीच्या अखेरीस दिलेला शक व संवत्सर जुळत नसल्यास कोणीहि संशोधक ती मिति तशीच उचलीत नाहीं. जुन्या छायाचित्रांच्या बाबतींत मात्र हा विवेक सुटलेला दिसतो. खालीं छापलेलें नांव, स्थळ व वर्ष हीं तिन्हीं बिनतक्रार स्वीकारलीं जातात. याचें ठळक उदाहरण म्हणजे ‘दापुरी व्हायाडक्ट’ या नांवानें फिरणारें रेल्वेच्या पुलाचें चित्र होय. त्यासोबत स्थळ मुंबईनजीक ठाणें आणि वर्ष १८५५ असें दिलेलें आढळतें.

या तीन गोष्टी एकत्र नांदूं शकत नाहींत. इंग्रजी कागदपत्रांतील दापुरी म्हणजे पुण्याजवळचें, आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असलेलें दापोडी. कॅप्टन फोर्डचा येथील बंगला सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, १८२८ सालीं, गव्हर्नरासाठीं घेण्यांत आला व तेथेंच सरकारी वनस्पति-उद्यान निघालें. त्या बागेतील झाडांचीं १८४७ ते १८५० या काळांत काढविलेलीं चित्रें एडिंबरो येथील उद्यानाच्या संग्रहांत दापुरी याच नांवानें ओळखलीं जातात. गांवालगत मुळा वाहते आणि खडकीकडे जाणारा लोहमार्ग तिच्यावरील पुलावरून जातो.

आतां वर्ष पाहूं. ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गाडी १ मे १८५४ रोजीं सुरू झाली. खंडाळा ते पुणें हा मार्ग १४ जून १८५८ रोजीं खुला झाला. मधली बोरघाटाची चढण तर १८६३ पर्यंत अपुरीच होती. सबब १८५५ खरें धरल्यास चित्र ठाण्याकडचें ठरतें व दापुरी हें नांव आगंतुक होतें. नांव खरें धरल्यास स्थळ व वर्ष दोन्हीं बाद होतात.

आमचा कौल नांवाकडे आहे. अपरिचित पाठ बहुधा मूळचा मानावा लागतो, कारण नकलकार अपरिचिताच्या जागीं परिचित शब्द घालतो; उलट क्वचितच करतो. ठाण्याच्या पुलाला दापुरी हें नांव कोणी मुद्दाम कां द्यावें? ‘मुंबई इलाखा’ यांतील इलाखा गळाला कीं नुसती मुंबई उरते. मुंबईजवळ दापुरी सांपडेना म्हणून पहिल्या आगगाडीचें प्रसिद्ध ठाणें जोडलें जातें, आणि ठाणें आलें कीं त्याला शोभेलसें वर्षहि मागोमाग येतें. हें अनुमान खरें. परंतु एका गफलतीवरून दोन्हीं विसंगतींचा उलगडा त्यानें होतो.

पुढील काम नदीकांठचें आहे. दापोडीस उन्हाळ्यांत पाणी उतरल्यावर जावें, कमानी व खांब मोजावे, आणि जुन्या चित्राचा कोन साधून कांठावरून नवें छायाचित्र घ्यावें. ठाण्यासहि तसेंच करावें. खाडीच्या खांबांवर भरतीची रेघ असते, मुळेच्या खांबांवर ती असण्याचें कारण नाहीं. विजेचे खांब व मागून जोडलेलें बांधकाम अर्थातच वगळावें लागेल. रस्त्याचा हॅरिस पूलहि तेथेंच आहे. परंतु लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ पर्यंत गव्हर्नर होता, एवढें ध्यानीं ठेवल्यास घोटाळा होणार नाहीं. बोरघाटाच्या चित्रांनाहि हीच कसोटी लागते. तेथील महू-की-मल्ली येथील पूल जुलै १८६७ मध्यें कोसळला. तो मूळ पूल अखंड दिसत असेल तर चित्र त्यापूर्वीचें, मग खालीं कांहींहि साल छापलेलें असो.

ज्यांच्यापाशीं दापुरीच्या चित्राची जुनी कागदी प्रत असेल त्यांनीं एवढें करावें, कीं चौकटींत बसविण्यासाठीं तिच्या कडा कापूं नयेत, पाठीवरील पेन्सिलीचीं अक्षरें पुसूं नयेत, आणि दोन्हीं बाजूंची नक्कल मंडळाकडे धाडावी. पुढील अंकीं तीं अक्षरें जशींच्या तशीं छापण्याची तयारी आहे.